आई कशी पडली

ताई दुपारपुरतं चष्म्याचं दुकान बंद करून आईच्या घरी पोचली, तेव्हा बैठकीच्या खोलीची पार उलथापालथ झाली होती. सोफा भिंतीला लागला होता, टीपॉय बाल्कनीत गेला होता, आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असलेले शाळेच्या खेळाडूंचे फोटो एकाएकी भिंतीवर चढले होते. त्या फोटोंच्या बरोबर खाली, चाकांच्या खुर्चीत, आई. केस चापूनचोपून विंचरलेले, मांडीवर शाल. बाहेर कडक ऊन होतं, शालीची काही एक गरज नव्हती. पण शालीने माणूस आजारी दिसतो असं दादाचं म्हणणं होतं.

"चॅनेलची माणसं येतीलच आता," दादा म्हणाला. "तू मध्ये बोलू नकोस म्हणजे झालं."

ताईला हल्ली रागसुद्धा येत नव्हता. नुसता वैताग यायचा. तोच तो हिशेब रोज मांडावा आणि रोज कोणीतरी पाटी पुसून टाकावी, तसा.

पडण्याची गोष्ट मुळात एवढीशी होती. गेल्या महिन्यात आई बँकेतून बाहेर पडली. ताईने पुढे होऊन टॅक्सी थांबवली होती आणि दार उघडून ती आईकडेच बघत उभी होती. रस्त्यावरून संपावरच्या बस कामगारांचा मोर्चा चालला होता. त्या गलक्याकडे बघत आई पायऱ्या उतरत होती. पायऱ्या संपल्या असं समजून तिने पाऊल टाकलं, आणि एक पायरी उरलेली होती. बस्स. तिच्या आसपास कोणी नव्हतं. ती खाली कोसळल्यावर मोर्चातला एक कंडक्टर धावत आला, वाकला आणि तिच्या खांद्यांना धरून तिला उठवू लागला. कोणाच्या तरी मोबाइलवर हे आलं, आणि चॅनेलवर दिसलं ते इतकंच: मागे घोषणा देणारी गर्दी, पुढे म्हाताऱ्या बाईवर वाकलेला आडदांड माणूस, आणि कळ आल्यामुळे वासलेलं तिचं तोंड.

दादा सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता. संपाने पक्ष जेरीला आला होता, कारण लोक कामगारांच्या बाजूने होते. त्या संध्याकाळी दादा चॅनेलवर बसला आणि जड आवाजात म्हणाला, की माझ्या आईला ढकलून पाडलं. आठवडा उलटायच्या आत लोक फिरले. संप मोडला. कंडक्टर तुरुंगात गेला.

ताई दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेली होती. तिथे तिला सांगण्यात आलं की थोरल्या भावाचा जबाब झालेला आहे, आता घरातल्या प्रत्येकाचा घेत बसलो तर कसं व्हायचं. दुकानात येणाऱ्यांना सांगावं, तर लोक तिच्याकडे कीव आल्यासारखे बघायचे. एका बाईने तर तिचीच समजूत घातली. म्हणाली, डोळ्यांदेखत असं काही झालं की मन ते पुसून टाकतं, माझ्या जावेचं असंच झालं होतं. सांगून सांगून ताईच्या तोंडाला फेस आला. राहता राहिली आई. तिला कंडक्टरच्या तुरुंगाचं काही कळू द्यायचं नाही, तिला त्रास झाला तर त्याची जबाबदारी तुझी, असं दादाने बजावलं होतं. आणि मोडलेल्या हाडाच्या ऑपरेशननंतर तिचा उतरलेला चेहरा बघून ताईही गप्प बसली होती.

आज मात्र ती गप्प बसायला आलेली नव्हती.

स्वयंपाकघरात वहिनी चहा करत होती. धाकटा फ्रीजला टेकून उभा होता. तो याच चॅनेलमध्ये संकलक, म्हणजे बातम्यांच्या चित्रफिती कापून जोडणारा. रजा टाकून आला होता, आणि आल्यापासून कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. दादा ताईच्या मागोमाग आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

ताईने सरळ सांगितलं. एक तर तो कंडक्टर तुरुंगात आहे हे तू आईला सांग, नाही तर मी सांगते. दादा चिडला नाही. तो घरात कधीच चिडत नसे. राजकारणात बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे त्याने तिला शांतपणे समजावलं. तो माणूस काही कायमचा आत राहणार नाही, वातावरण निवळलं की आपणच त्याच्यासाठी शब्द टाकू. संप मोडला हे एका अर्थी बरंच झालं, लोकांचे किती हाल होत होते. त्याच्या बोलण्यात कुठे फट म्हणून नव्हती. ताई तरीही हटत नाही असं दिसल्यावर त्याने आवाज आणखी खाली आणला.

"ठीक आहे. आई आपली आपण पडली म्हणून सांग. मग लोक विचारतील, कशी काय पडली? तिच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. कुठल्या दुकानातला?"

ताईचा हात ओट्यावर होता तो तिथेच राहिला. हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. नव्या काचांमधून खालच्या पायऱ्या पुसट दिसतात, सवय होईपर्यंत जपून उतर, हे तिने आईला बजावून सांगितलं होतं. आईने ऐकलं असेल किंवा नसेल. पण सख्ख्या भावाने ते हत्यार म्हणून जवळ ठेवलं असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

वहिनीने गॅस बंद केला. इतके दिवस ती नवऱ्याच्या बाजूने होती, आणि तेही मनापासून. सासूसाठी ती रडली होती, कंडक्टरला शिव्याशाप दिले होते. ताई वेगळंच काही सांगत फिरते हे कानावर आलं तेव्हा तिने नणंदेशी बोलणं टाकलं होतं.

"तुम्ही तर मला म्हणाला होतात," ती नवऱ्याला म्हणाली, "की ढकलल्याचं ताईंनीच फोनवर सांगितलं."

दादा म्हणाला, आत्ता ही वेळ नाही.

"मी त्याला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाले," ताई म्हणाली, "आई बँकेच्या पायरीवर पडली, लगेच ये."

वहिनीने मग धाकट्याकडे पाहिलं. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, पण तो बोलायला लागला, फ्रीजच्या दाराकडे बघत. आलेली मूळ क्लिप लांब होती. तिच्यात आई आधी पडलेली दिसते, आणि हा माणूस रस्त्याच्या पलीकडून धावत येताना दिसतो. वरून निरोप आला, हात दिसतात तिथून सुरू कर. त्याने केलं. रोज अशा कितीतरी क्लिपा हाताखालून जातात, कुठे ना कुठे तर कापावंच लागतं. बाई आपली आई आहे हे कापताना त्याच्या लक्षात आलं होतं. ढकललं म्हणून सांगणार आहेत, हे मात्र त्याला घरी टीव्ही बघताना कळलं.

"मूळ क्लिप कुठे आहे?" वहिनीने विचारलं.

"पुसली. त्याच दिवशी."

दादा म्हणाला, झालं का सगळ्यांचं बोलून? ताई दार उघडून बाहेर गेली.

आईने सगळं ऐकून घेतलं. ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून बोलत होती, आणि आईची नजर मुलीच्या डोक्यावरून दाराकडे गेली होती, जिथे तिचा थोरला उभा होता.

मुलींच्या शाळेत तिने उभी हयात कवायत शिकवली. तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि आवडायचं. तोल हा तिचा विषय. एका पायावर उभं राहून डोळे मिटायचे आणि हलायचं नाही, हे पोरींना शिकवताना ती स्वतः शेवटपर्यंत उभी राहायची. इस्पितळात शुद्धीवर आली तेव्हा दादा उशाशी होता. त्याने विचारलं, गर्दीतल्या कोणी ढकललं का गं? तिला फक्त नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढे सांगावं लागणार होतं, की रिकाम्या पायरीवर, काही कारण नसताना, मी पडले. ती गप्प राहिली. मग फुलं आली. मंत्रीबाई येऊन गेल्या. जुन्या विद्यार्थिनी आल्या आणि म्हणाल्या, बाई, तुम्हाला धक्का मारायची हिंमत झालीच कशी कोणाची. नुसतं गप्प राहिल्याबद्दल एवढं सगळं मिळत होतं. एकदा तिने दादाला विचारलं होतं, त्या माणसाचं पुढे काय झालं. समज देऊन सोडलं, असं दादा म्हणाला होता.

"तू म्हणालास त्याला सोडलं," आई आता म्हणाली.

"आई, तुला त्रास नको म्हणून."

तेवढ्यात बेल वाजली.

कॅमेरा घेऊन एक मुलगा आला, आणि त्याच्याबरोबर एक तरुण वार्ताहर मुलगी. तिने आल्या आल्या वाकून हळुवार आवाजात आईला आजी म्हटलं. आईने तिला बाई म्हणायला सांगितलं. मुलीने कॅमेऱ्याचा दिवा लावला, शाल सारखी केली आणि विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं.

आईने सांगितलं. अगदी थोडक्यात, शाळेत नियम सांगायची तसं. मी बँकेच्या पायऱ्या उतरत होते. एक पायरी चुकले. पडले. एक गृहस्थ मदतीला आले.

मुलीने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, औषधं चालू आहेत, जरा गोंधळ होतो, पुन्हा घेऊ या. मुलीने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा तेच सांगितलं, शब्दही तेच. मग मुलीने नवा प्रश्न काढला: असं असेल तर इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत? प्रश्न चांगला होता, आणि आईने त्याचा मान ठेवला.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "माझं हसं होईल याची. जन्मभर पोरींना पायाखाली बघा म्हणून ओरडले आणि स्वतः पायरी चुकले. ते लपवायला मी गप्प राहिले, आणि त्यापायी एक भला माणूस तुरुंगात आहे. हे छापा."

छापत नाहीत, दाखवतात, हे तिला कोणी सांगितलं नाही. मुलीने आभार मानले. तिचा फोन वाजला, ती बाल्कनीत जाऊन बोलली आणि परत येऊन घाईघाईने वायरी गुंडाळायला लागली. दादा त्यांना सोडायला म्हणून खाली गेला आणि वर आलाच नाही.

वहिनीने तोवर शाल काढून घडी केली होती. घर हलकं झालं होतं. ताईने टीपॉय आत आणला. चहा नव्याने झाला. कप विसळायच्या आतच धाकट्याने टीव्ही लावला, आणि आई पडद्यावर होती. ती म्हणाली, "मला भीती वाटली." एवढंच. मग तीच क्लिप, तीच गर्दी, आणि खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न: पीडित मातेवर कोणाचा दबाव? पाठोपाठ फोनवरून दादाचा आवाज आला. तो म्हणत होता की माझ्या आईला घाबरवलं जातंय, हे लोक माझ्या घरात पोचलेत, माझ्याच रक्ताच्या माणसांना त्यांनी फितवलंय.

धाकट्याने तेवढा तुकडा फोनवर पुन्हा पुन्हा ऐकला. "वाटली" नंतर आईने श्वास घेतला होता आणि तो श्वास अर्ध्यात तुटला होता. एवढं ओबडधोबड काम कोणाच्या हातचं, हेही त्याला कळलं. ऑफिसात त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसणाऱ्याचं. धाकट्याला भडभडून आलं. श्वास तरी पुरा ठेवायचा, असं काहीतरी तो पुटपुटला आणि आपण काय बोलतोय हे कळून गप्प झाला.

आईने टीव्ही बंद करायला सांगितला.

"गाडी काढ," ती धाकट्याला म्हणाली. "पोलीस ठाण्यात जाऊ."

ताईने डॉक्टरांचं नाव काढलं. आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाकट्याने खुर्ची मागून धरली. पुढून कोण धरणार असा प्रश्न पडायच्या आतच वहिनी कमरेत वाकून उभी राहिली होती. ताई एकेक पायरी सांगत पुढे उतरत होती. वाटेत वहिनी ताईला म्हणाली, मी तुमच्याशी महिनाभर बोलले नाही. ताई म्हणाली, ते नंतर, आधी वळण आलंय, बघा.

ठाण्यातला अधिकारी अदबीने वागला, आणि तेच जास्त अवघड होतं. त्याने पाणी मागवलं, पंखा आईकडे वळवला, बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढून विचारलं, बाई, निर्धास्त सांगा, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?

"आहे," आई म्हणाली. "मोडलेल्या हाडावर. तेव्हा लवकर लिहून घ्या."

त्याने वर फोन केला. वरच्याने आणखी वर विचारलं. साहेब बैठकीत आहेत, बाई, तुम्ही घरी जा, आम्ही माणूस पाठवू, असं झालं. आईने सांगितलं की मी बसते. मात्र मला मधून मधून न्हाणीघरात न्यावं लागतं, त्याला दोन बायका लागतात, आणि तुमच्याकडे त्या नसतील तर त्याची सोय करा. अधिकाऱ्याने थोडा वेळ कागद इकडचे तिकडे केले आणि मग लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. गर्दीमुळे बहुधा पाय घसरला असावा, असं त्याने लिहिलं होतं. आईने "बहुधा" काढायला लावलं, "असावा" काढायला लावलं. गर्दीमुळे नाही, गर्दी लांब होती. आणि घसरला नाही, चुकला. पडलेल्या माणसाला खांद्यांना धरून उठवायचं नसतं हे त्या कंडक्टरला कोणी शिकवलेलं नाही, तेवढाच त्याचा दोष, हेही तिला घालायचं होतं. ते अधिकाऱ्याने हात जोडून नाकारलं.

त्या जबाबावर कंडक्टर पुढे जामिनावर सुटला. ही बातमी कुठे आली नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी आई सही करून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते.

घराखाली दादा उभा होता. कोट काढून हातावर टाकलेला. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचलेली होती. वहिनीला बाजूला सारून त्याने खुर्चीची पुढची बाजू धरली. उलटं चढायचं असल्याने त्याचं तोंड आईकडे होतं. त्याने अतिशय जपून खुर्ची वर नेली. वळणावर चाक भिंतीला घासेल म्हणून त्याने स्वतःचा हात मध्ये घातला आणि बोटं सोलवटून घेतली, तरी खुर्ची हलू दिली नाही. लहानपणी तो असाच होता, आईच्या मनात आलं. ताप आला की उशाशी बसून राहायचा, उठवलं तरी उठायचा नाही.

वर आल्यावर ताईने त्याच्या बोटांना औषध लावलं. तो खाली बसला, पाणी प्याला आणि मग म्हणाला की जे झालं ते झालं. आईचा जबाब आहे तसा राहू दे, फक्त आता पुढे कोणी बोलू नये. तो सगळं निस्तरेल. लोकांना आता जे वाटायचं ते वाटून गेलंय, ते काही कोणाला बदलता येणार नाही.

"लोकांचं राहू दे," आई म्हणाली. "इथे कॅमेरा नाही. आपण घरचेच आहोत. तू मला सांग. मी पडले, का मला ढकललं?"

दादा हसला. म्हणाला, प्रश्न आता तो राहिलेला नाही, आई.

आईने तेच परत विचारलं. आवाज चढवला नाही.

दादाने धाकट्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. बायकोकडे मात्र बघायचं टाळलं. त्याचे ओठ हलले. त्याला सांगायचं नव्हतं असं वाटत नव्हतं. पण सांगायला गेलं की तोंडात भलतेच शब्द येत होते, आणि तो ते गिळत होता. परिस्थिती, असं काहीतरी तो म्हणाला. मग म्हणाला, बघण्यावर असतं. मग त्याने घड्याळ पाहिलं, उशीर होतोय म्हणाला आणि उठला. कोट घातला. सोललेल्या बोटांमुळे बाही चढायला वेळ लागला.

दाराशी जाऊन तो वहिनीसाठी थांबला.

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाली. "मी आज आईंकडे राहते."

मग त्याची पावलं जिन्यावर ऐकू आली, हळूहळू खाली जाणारी. पहिल्या मजल्यावर ती थांबली. तिथल्या शेजाऱ्यांनी दार उघडलं असावं. आताच टीव्हीवर पाहिलं, असं कोणीतरी म्हणत होतं, तुमच्या आईंना सांगा, घाबरू नका म्हणावं, आम्ही आहोत पाठीशी. आईच्या घराचं दार उघडंच होतं, त्यामुळे शब्द न् शब्द वर येत होता. दादाने त्यांचे आभार मानले. आवाज जड होता, मध्येच किंचित भरून आला, आणि एकदाही अडखळला नाही.

आईने ताईला दार लावून घ्यायला सांगितलं.